पहिले गिऱ्हाईक कोण?

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर गेल्या शतकाच्या अखेरीस पाच वर्षांच्या अंतराने दोन प्रयोग झाले. १९८६ साली रत्नागिरीस डेन्मार्कच्या बनावटीच्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या. एकेक चक्की अवघी ५५ किलोवॉटची. आजच्या मानाने ते खेळणेच म्हणावयाचे. गुजरातेत ओखा आणि तामिळनाडूत तुतिकोरीन येथेही त्याच वर्षी अशाच चक्क्या बसविण्यात आल्या. पुढे १९९१ साली तिरुवनंतपुरमजवळ विळिंजम येथे मद्रासच्या आयआयटीमधील संशोधकांनी समुद्राच्या लाटांवर चालणारे १५० किलोवॉटचे वीजकेंद्र उभारले. काँक्रीटच्या अजस्र पोकळ पेटाऱ्यात लाट शिरली की आतली हवा वर लोटली जाते, लाट ओसरली की ती परत आत ओढली जाते. हवा कोणत्याही दिशेने वाहो, तिच्या वाटेवरचे चाक मात्र एकाच दिशेने फिरत राहते, अशी ती नामी युक्ती होती. लाटांपासून वीज काढणारी केंद्रे त्या काळी साऱ्या जगात बोटांवर मोजण्याइतकीच होती.

पहिल्या प्रयोगाचा वंश वाढला. मार्च २०२५ अखेर देशातील पवनऊर्जेच्या क्षमतेने पन्नास हजार मेगावॉटचा टप्पा गाठला. दुसरा प्रयोग निर्वंश झाला. विळिंजमच्या विजेवर काही काळ समुद्राचे पाणी गोडे करून पाहण्यात आले. २०११ साली केंद्र बंद करण्यात आले. त्याच गावी २०२५ साली प्रचंड बंदराचे थाटामाटात उद्‌घाटन झाले, तेव्हा लाटांच्या त्या पेटाऱ्याची आठवण क्वचितच कोणाला झाली असेल.

दोहोंची तुलना करताना न्यायाने वागले पाहिजे. पवनचक्की आपल्याकडे आली तेव्हा ती डेन्मार्कच्या शेतांत तावूनसुलाखून निघालेली होती. लाटांच्या यंत्राला तसा पूर्वानुभव नव्हता. खवळलेल्या पावसाळी दर्यापुढे यंत्र टिकविणे हेही सोपे काम नव्हे, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावयास नको. तरीही एक गोष्ट उरतेच. पवनचक्कीला रत्नागिरीनंतर दुसरे, दहावे, शंभरावे गिऱ्हाईक मिळाले. विळिंजमच्या केंद्राला दुसरे गिऱ्हाईक मिळाले नाही. आणि जे यंत्र दुसऱ्यांदा बांधलेच जात नाही, त्यातील उणिवा दुरुस्त होण्याची संधीही येत नाही.

आज शुद्ध ऊर्जेसंबंधी जे अखंड बोलले व छापले जाते, त्यात ही मधली अवस्था हरवलेली दिसते. संशोधन म्हटले की प्रयोगशाळा डोळ्यांपुढे येते. विकास म्हटले की हजारो कोटींचे प्रकल्प. या दोहोंच्या मध्ये, यंत्र चालते हे सिद्ध झाले आहे परंतु कारखानदार ते घ्यावयास तयार नाही, अशी जी त्रिशंकू अवस्था असते, तिची दाद कोणी घ्यावयाची? प्राध्यापकाचे काम संपलेले असते, बँकेचे सुरू झालेले नसते, आणि मंत्रिमहोदयांना फीत कापण्याजोगे तेथे काही नसते.

लातूरचे उदाहरण या दृष्टीने मुद्दाम पाहण्यासारखे आहे. कारखान्यांतील ऊर्जेची चर्चा बहुधा विजेभोवतीच फिरते. पण कारखान्याला विजेइतकीच, पुष्कळदा विजेहून अधिक, गरज असते ती उष्णतेची. दूध तापवावयाचे, बाटल्या धुवावयाच्या, कापड रंगवावयाचे, औषधांची भुकटी सुकवावयाची, या साऱ्यास वाफ अथवा गरम पाणी लागते आणि त्यासाठी बॉयलरमध्ये भट्टीचे तेल, कोळसा किंवा लाकूड जाळले जाते. ही उष्णता काही पोलाद वितळविणारी नव्हे. दुधाचे पाश्चरीकरण करावयास ७२ अंश पुरतात. एवढी ऊब डोक्यावर तळपणाऱ्या सूर्याकडून का घेऊ नये, हा प्रश्न साधा आहे. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. शिरीष केदारे यांनी तो गंभीरपणे घेतला. सुमारे १६० चौरस मीटरांची, आरशांच्या तुकड्यांनी मढविलेली, सूर्याबरोबर सकाळपासून सायंकाळपर्यंत आपले तोंड फिरविणारी एक प्रचंड तबकडी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. तिला नाव दिले ‘अरुण’. २००६ साली लातूरच्या महानंद दुग्धशाळेत ती बसविण्यात आली. तिच्या केंद्राशी गोळा होणाऱ्या उष्णतेने दाबाखालचे पाणी उकळबिंदूच्या कितीतरी पुढे तापते. ते वेष्टन घातलेल्या टाकीत साठवून ठेवता येते, आणि दुधाची वेळ होईल तेव्हा वापरता येते. आकाश निरभ्र असलेल्या दिवशी पाऊणशे ते शंभर लिटर भट्टीचे तेल वाचू लागले. जुना बॉयलर काढून टाकलेला नव्हता; तो बाजूला सज्ज होताच. सूर्य रुसला तर दूध नासण्याची भीती नव्हती.

यंत्र चालले. यानंतर महाराष्ट्रातील दुग्धशाळांची ‘अरुण’साठी रांग लागावयास हवी होती. ती लागली नाही. काही कारखान्यांनी, उपाहारगृहांनी अशा तबकड्या घेतल्या, केंद्राने अनुदान दिले, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने २०१२पासून काही वर्षे खास योजनाही राबविली गेली. पण कारखानदारीत सूर्याच्या उष्णतेचा वापर ही आजही नवलाईची गोष्ट राहिली आहे, नित्याची झालेली नाही.

याच काळात अशा यंत्रणांना सर्वांत उदार आश्रय मिळाला तो देवस्थानांकडून. तिरुमलेस २००२ साली १०६ तबकड्यांवर हजारो भाविकांचा स्वयंपाक शिजू लागला. शिर्डीच्या प्रसादालयावर २००९ साली ७३ तबकड्या बसल्या. यात केवळ श्रद्धेचा भाग नाही, व्यवहाराचाही आहे. देवस्थानाला गुंतवणूक दोन वर्षांत वसूल झाली पाहिजे अशी घाई नसते. अन्नछत्रात तास-अर्ध्या तासाचा उशीर झाला तर भाविक रांगेत थांबतो. कारखान्यात तेवढ्याच उशिराने एका पाळीचा माल वाया जातो. एखाद्या नव्या यंत्राचा पहिला आश्रयदाता असा असावा लागतो, ज्याला वाट पाहणे परवडते. पूर्वी हे काम राजेरजवाड्यांनी केले. आज ते देवस्थानांनी केले याबद्दल त्यांचे कौतुकच केले पाहिजे. पण देशाच्या औद्योगिक धोरणाचा भार अन्नछत्रांवर टाकणे हे काही राज्यकर्त्यांना भूषणावह नाही.

कारखानदाराला या बाबतीत दोष देण्याची आपल्याकडे चाल आहे. ती आम्हाला मान्य नाही. त्याच्या गल्ल्यावर बसून पाहा. इंधनाचा खर्च हा त्याच्या एकंदर खर्चाचा एक भाग. तो थोडा कमी झाला तर आनंदच आहे. पण नव्या यंत्राने दगा दिला तर बुडणारा माल हा त्याचा सर्वस्वाचा प्रश्न असतो. यंत्र बनविणारी संस्था पाच वर्षांनी हयात असेल की नाही, आरसे फुटले तर कोठून आणावयाचे, सूर्यामागे फिरविणारी यंत्रणा अडकली तर दुरुस्त करणारा माणूस तालुक्यात आहे काय, हे त्याचे प्रश्न अडाणीपणाचे नाहीत, शहाणपणाचे आहेत. बँकेचे मत त्याहून स्पष्ट. ज्या यंत्राला जुन्या बाजारात भाव नाही, ते तारण म्हणून चालत नाही. एवंच, नव्या यंत्राचा लाभ सर्वांचा आणि पहिल्या प्रयोगाचा तोटा मात्र एकट्याचा, असा हा हिशेब आहे. तो जोवर असा आहे, तोवर प्रत्येक शहाणा माणूस दुसरे गिऱ्हाईक होण्याचीच वाट पाहणार.

पवनचक्कीच्या बाबतीत ही कोंडी कशी फुटली? सरकारने आधी स्वतः चक्क्या उभारून दाखविल्या आणि मग उद्योगांना करात भरघोस सवलत दिली. चक्कीची किंमत पहिल्याच वर्षी संपूर्णपणे घसारा म्हणून उत्पन्नातून वजा करण्याची मुभा मिळाली. साहजिकच गिरण्या, सिमेंटचे कारखाने, इतकेच नव्हे तर वाऱ्याशी काडीचा संबंध नसलेले धंदेही पवनचक्क्यांचे मालक बनले. विजेच्या तापत्रयाने बेजार झालेले गुजरातचे कापड व्यावसायिक तुळशी तांती यांनी आपल्या कारखान्यासाठी दोन चक्क्या घेतल्या, आणि त्यातूनच १९९५ साली सुझलॉन कंपनी जन्मास आली. तिला पहिले मोठे काम दिले ते बडोद्याच्या इंडियन पेट्रोकेमिकल्सने. ही कंपनी त्या वेळी सरकारी मालकीची होती. या तपशिलाकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधतो. कालच धंद्यात उतरलेल्या मंडळींना पहिली मागणी नोंदविण्याचे धाडस एका सार्वजनिक उपक्रमाने दाखविले, आणि पुढे तीच कंपनी जगभर चक्क्या विकू लागली. सार्वजनिक उपक्रमांची आपल्याकडे यथेच्छ निंदा होते; ती करणाऱ्यांनी जमाखर्चाची ही बाजूही पाहावी.

मात्र घसाऱ्याच्या सवलतीत एक मोठे वैगुण्य होते. कर वाचत असे तो चक्की उभी केल्याबद्दल. ती फिरली की नाही याची विचारपूस करदात्याला करावी लागत नसे. मार्च महिना संपण्यापूर्वी कशीबशी चक्की उभी करावयाची आणि मग वारा आहे की नाही हे पाहावयाचे, असे प्रकार झाले. हे उमगावयास बराच काळ गेला. डिसेंबर २००९मध्ये केंद्राने प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या प्रत्येक युनिटमागे पन्नास पैसे देण्याची योजना आणली, तेव्हा कोठे पैसा यंत्राऐवजी कामाला मिळू लागला. गंमत अशी की, सूर्याच्या उष्णतेच्या बाबतीत हीच चूक आपण पुन्हा केली. तबकड्यांचे अनुदान ठरले ते आरशांच्या क्षेत्रफळावर. आरसा जितका मोठा तितके अनुदान मोठे. त्याने किती दूध तापविले, हा प्रश्न अर्जात दुय्यमच राहिला. आरशावर धूळ साचली तरी मोजमाप-पुस्तकात चौरस मीटर तेवढेच भरतात.

परदेशांतही ही वाट काही फुलांनी आच्छादलेली नाही. स्वीडनमध्ये खाणीची कंपनी, पोलादाची कंपनी आणि वीज कंपनी अशा तिघांनी २०१६ साली एकत्र येऊन कोळशाऐवजी हायड्रोजन वायूने लोहखनिजाचे लोखंड करण्याचा विडा उचलला. त्यातील खाण व वीज या दोन्ही कंपन्या सरकारच्या मालकीच्या. लुलिओ येथील त्यांचा प्रायोगिक कारखाना ऑगस्ट २०२०मध्ये सुरू झाला, पुढच्याच वर्षी जूनमध्ये पहिले लोखंड निघाले आणि ऑगस्टमध्ये पहिले पोलाद व्होल्व्हो या वाहन कंपनीकडे रवानाही झाले. म्हणजे माल निघण्यापूर्वीच घेणारा दारात उभा होता. याउलट जर्मनीत आर्सेलरमित्तल कंपनीने शंभर कोटी युरोंहून अधिक सरकारी साहाय्य देऊ केलेले असतानाही अशाच कारखान्यांचे बेत २०२५ साली सोडून दिले. वीज महाग, हायड्रोजन दुर्मीळ आणि बाजार मंद, असे तिचे गणित होते. नुसत्या पैशाने काम भागत नाही हे यावरून दिसावे. (गोमंतकाच्या खनिजाचा येथे कोणास मोह पडेल, म्हणून सांगून ठेवतो: या पद्धतीला अत्यंत उच्च प्रतीचे खनिज लागते आणि आपले बहुतांश खनिज हलक्या प्रतीचे आहे.)

आपल्या केंद्र सरकारने जानेवारी २०२३मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. त्याची एकूण तरतूद १९,७४४ कोटी रुपयांची. त्यातले १७,४९० कोटी हायड्रोजनच्या उत्पादनास व त्याच्या यंत्रसामग्रीस उत्तेजन देण्यासाठी, प्रायोगिक प्रकल्पांसाठी १,४६६ कोटी, संशोधनासाठी ४०० कोटी. पोलाद, जहाजे, अवजड वाहने या सर्वांनी नव्या इंधनाची ओळख करून घ्यावयाची ती या १,४६६ कोटींतून. वायू निर्माण करणाऱ्यास रुपयातले जवळजवळ एकोणनव्वद पैसे आणि तो प्रथम वापरून पाहणाऱ्यास साडेसात पैसे, असे हे वाटप आहे. स्वयंपाक भरपूर आणि पंगत बसावयाची ओसरी हातभर! जुलै २०२५मध्ये संशोधन व नवोपक्रमासाठी एक लाख कोटी रुपयांच्या निधीस मंजुरी मिळाली. प्राथमिक टप्पा ओलांडलेल्या तंत्रज्ञानास दीर्घ मुदतीचे, अल्प व्याजाचे अथवा बिनव्याजी कर्ज त्यातून मिळावयाचे आहे. हे पाऊल स्वागतार्हच आहे. आजवर त्रिशंकूसारख्या लोंबकळणाऱ्या अवस्थेची सरकारदरबारी प्रथमच मोठ्या प्रमाणावर नोंद झाली. परंतु कर्जाने यंत्र बनविणाऱ्याचे हात बळकट होतात, यंत्र घेणाऱ्याची भीती त्याने जात नाही. आणि ज्याचा माल खपत नाही त्याला बिनव्याजी कर्जही शेवटी फेडावेच लागते.

आता आपल्या अंगणाकडे वळू. गोव्यात स्वतःचे असे मोठे वीजकेंद्र नाही. वीज आपण बहुतांशी बाहेरून आणतो. पण उष्णता मात्र कोणी बाहेरून तारेने आणून देत नाही, ती जेथल्या तेथेच निर्माण करावी लागते. वेर्णा, कुंडई, डिचोलीच्या औद्योगिक वसाहतींत, औषधांच्या आणि मद्यार्काच्या कारखान्यांत, किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या धुलाईघरांत रोज जे इंधन जळते ते सारे घाट चढून-उतरून किंवा समुद्रमार्गे येते. तेव्हा प्रयोगाला जागा नाही असे नाही. कोठे जागा आहे आणि कोठे नाही, हे मात्र डोळसपणे पाहिले पाहिजे. काजूचा कारखाना हा गोमंतकाचा जिव्हाळ्याचा विषय. काजूच्या बिया वाफवावयास आणि गर सुकवावयास तेथे उष्णता भरपूर लागते. पण तेथील भट्टीत काजूचीच टरफले जळतात. ज्याचे इंधन घरचे, त्याला सूर्य स्वस्तात देण्याची भाषा करून उपयोग नाही. तेथे हवी आहे ती धूर कमी करणारी, त्याच टरफलातून अधिक उष्णता काढणारी भट्टी. तो धूर आणि ते झोंबरे तेल यांचा त्रास सोसणाऱ्या बायाबापड्यांच्या आरोग्याचा प्रश्न तिच्याशी निगडित आहे.

तसेच लातूरची तबकडी जशीच्या तशी उचलून फोंड्यास आणली म्हणजे झाले, असेही नव्हे. आरशाला थेट किरण लागतात. ढगाआडून पसरणारा उजेड त्याच्या कामाचा नाही. लातूरचे आकाश आणि आमचे आकाश यांत ज्येष्ठ ते भाद्रपद एवढे अंतर आहे. परंतु दुग्धशाळेत दुसरी एक सोय आहे, जिच्याकडे क्वचितच लक्ष जाते. तेथे एका बाजूला दूध थंड करावयाचे असते आणि दुसऱ्या बाजूला पाणी तापवावयाचे असते. दुधातून काढलेली ऊब शीतयंत्र बाहेर हवेत फेकून देते आणि पलीकडे बॉयलर तेल जाळून नवी ऊब निर्माण करतो! उष्णता-पंप नावाचे यंत्र ही फेकलेली ऊब उचलून, थोडी वीज खर्च करून, धुण्यापुसण्याच्या पाण्यात घालू शकते. त्याला पाऊस आडवा येत नाही. कुर्टीच्या दुग्धशाळेत, बांबोळीच्या रुग्णालयाच्या धुलाईघरात, सरकारच्या ताब्यातील एखाद्या अतिथिगृहात असा एकेक प्रयोग करून पाहणे राज्याच्या आवाक्याबाहेरचे खचित नाही. फर्मागुडीला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, सांकवाळला बिट्स आहे, आयआयटी व एनआयटी या संस्थाही राज्यात आलेल्या आहेत. मोजमाप करावयास विद्यार्थ्यांची वाण नाही.

प्रयोग कसा करावा हे सांगताना आम्हाला पवनचक्कीचा धडा विसरता येत नाही. सरकारने यंत्र विकत घेऊच नये. उष्णता विकत घ्यावी. यंत्र बनविणाऱ्याने ते आपल्या खर्चाने, हवे तर केंद्राच्या नव्या निधीतून कर्ज काढून, बसवावे, राखावे, आणि सरकारने मापकावर मोजलेल्या उष्णतेचे पैसे, जेवढे तेल वाचले त्या हिशेबाने, दहा वर्षे चुकते करावे. जुना बॉयलर तसाच राहू द्यावा. यंत्र बंद पडले तर सरकारचे काही बुडत नाही. चालले तर दहा वर्षांच्या त्या कराराच्या आधारावर बँक दुसऱ्या यंत्राला कर्ज देते. आणि प्रत्येक महिन्याचे आकडे, विशेषतः पावसाळ्यातले आणि फजितीचे, जाहीर करावेत. शेजारचा कारखानदार सरकारी जाहिरातीवर विश्वास ठेवीत नाही. नापास झालेले महिने छापणाऱ्या तक्त्यावर तो ठेवील.

हे सारे करण्याच्या आड आज पैसा येत नाही, निविदेतली एक अट येते. सरकारी कामाच्या निविदेत सर्रास असे कलम असते की, बोली लावणाऱ्याने गेल्या काही वर्षांत याच स्वरूपाची अमुक इतकी कामे पूर्ण केलेली असावीत. जे काम पूर्वी कोणी केलेच नाही, त्याचा अनुभव मागणारी ही अट नव्या यंत्राला दारातूनच परत पाठविते. आणि समजा एखाद्या अधिकाऱ्याने ती बाजूला सारली, तर उद्या लेखापरीक्षकाच्या शेऱ्याला उत्तर देताना त्याच्या पाठीशी कोणी उभे राहत नाही. केंद्राने २०१६ साली नवोद्योगांसाठी पूर्वानुभवाची अट शिथिल करण्याची मुभा दिली. पण मुभा असणे निराळे आणि फायलीवर सही होणे निराळे. राज्याच्या वित्त खात्याने उष्णता-खरेदीच्या अशा दहा कामांपुरती ही अट सक्तीने वगळावी आणि त्या दहांपैकी काही फसतील हे परिपत्रकातच लिहून ठेवावे. त्यासाठी विधानसभेत विधेयक आणावे लागत नाही. पर्वरीहून निघणारे दीड पानांचे परिपत्रक पुरेसे आहे, आणि ते येत्या पावसाळ्यापूर्वी निघाले तर पहिल्या वर्षाचा तक्ता जूनपासूनच भरावयास घेता येईल.